भिंतीही शिकवतात

भिंतींना कान असतात असे आपल्याकडे म्हणतात. त्यांना वाचाही असते, हे आम्हांस गेल्या मे महिन्यात एका महाविद्यालयाच्या नव्या इमारतीत बसलो असताना उमगले. निमित्त होते पर्यावरणविषयक एका परिसंवादाचे. बाहेर लख्ख ऊन पडले होते, तरी सभागृहात भर दुपारी सगळे दिवे जळत होते. कारण पश्चिमेकडची अवघी भिंत काचेची, आणि त्या काचेतून येणारी तिरीप सोसवेना म्हणून तिच्यावर जाड पडदे ओढलेले. थंड हवेची चार यंत्रे घुमत होती. वक्ते पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर तळमळीने बोलत होते आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. खिडक्या उघडाव्यात तर त्या उघडण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. पंधरा मिनिटांत श्रोते घामाघूम झाले आणि एकेक करून बाहेर पडून आवारातल्या एका जुन्या आंब्याखाली जाऊन उभे राहिले. अखेरीस समारोपाचे भाषणही तिथेच झाले. त्या दुपारी वक्त्यांनी जे सांगितले त्याहून अधिक त्या काचेच्या भिंतीने आणि त्या आंब्याने सांगितले, असे आम्हांस वाटते.

त्या महाविद्यालयास आम्ही दोष देत नाही. त्याच्या चालकांनी चार पैसे जमवून, सरकारी अनुदानासाठी खेटे घालून ती इमारत उभी केली आहे, आणि आज चांगली इमारत म्हणजे अशीच इमारत, ही समजूत त्यांची एकट्यांची नाही. ती आपल्या सर्वांची आहे. पण महाविद्यालयाची इमारत ही कचेरीसारखी किंवा दुकानासारखी नव्हे. वयाच्या अठराव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी तिथे येते, तीन-चार वर्षे तिच्या भिंतींत वावरते आणि पुढे आयुष्यात घर, दुकान, कारखाना जे काही बांधील त्याचा आदर्श नकळत तिथून घेऊन जाते. वर्गात पाणी जपा म्हणून शिकवायचे आणि छपरावरचे पाणी गटारात सोडायचे. प्रयोगशाळेत ऊर्जेचे नियम घोकून घ्यायचे आणि दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचे, याचा अर्थ विद्यार्थ्याला बरोबर कळतो. पुस्तकातले परीक्षेपुरते असते, खरा व्यवहार निराळा असतो, हा तो अर्थ.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत नेण्याची सोय झाली आहे, आणि त्यापाठोपाठ नव्या वर्गखोल्यांची मागणी येणे अटळ आहे. कुंकळ्ळी येथे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर उभा राहून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ साली फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात पाहुणी म्हणून सुरू झाली. तिच्या कायमच्या घरासाठी सत्तरीतील शेळ-मेळावलीची सुमारे दहा लाख चौरस मीटर जागा निवडली गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील ग्रामस्थ, त्यांतही बायाबापड्या, जंगल आणि काजूबागायती वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. सरकारला ती जागा सोडावी लागली. विद्येचे मंदिर येणार म्हणून गावाने तोरणे बांधावीत, तर गाव दांडके घेऊन उभा राहतो, हे दृश्य कोणाही शिक्षणप्रेमी माणसास अस्वस्थ करणारे आहे. मेळावलीचे लोक शिक्षणाचे वैरी नव्हते. परिसर आधी कागदावर आखायचा आणि मग त्याखाली जमीन सरकवायची, या पद्धतीचे ते वैरी होते.

पर्यावरणाला धरून बांधायचे तर पहिला निर्णय भिंतीचा वा छपराचा नसतो, जागेचा असतो. आपल्याकडे संस्थेसाठी जागा शोधायची म्हटले की अधिकाऱ्यांची नजर प्रथम सड्यावर जाते. वर शेती नाही, घरे नाहीत, कातळ उघडा. तेव्हा महसुली दप्तरात तो पडीक ठरतो. पण सडा पडीक नसतो. जांभ्याचा हा सच्छिद्र कातळ पावसाळ्यात पाणी पितो आणि ते हळूहळू खाली सोडतो. पायथ्याच्या गावातली झर मार्च-एप्रिलमध्ये वाहते ती त्या पाण्यावर. सड्यावर सरसकट फरसबंदी केली, मलमूत्राच्या टाक्यांचे शोषखड्डे तिथे खणले, की वर परिसर झगमगतो आणि खाली विहिरीचे पाणी आटते किंवा नासते. म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर इमारत नसावी; झाडे, झरी, उतार आणि पावसाच्या वाटा यांचा नकाशा असावा. इमारत त्यांतून उरलेल्या जागेत बसवावी.

आता इमारतीकडे वळू. गोमंतकीय वाचकास येथे परदेशी पुस्तकांचे दाखले देण्याची गरज नाही. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांपैकी कोणत्याही देवालयाचे आवार डोळ्यांसमोर आणावे. मध्ये देऊळ, भोवती अग्रशाळा, त्यांना लांबच लांब ओसऱ्या, उतरती कौलारू छपरे, शेजारी पाण्याची तळी आणि सावलीची झाडे. जत्रेला हजारो माणसे येतात, राहतात, जेवतात, पण तिथे कोणी घुसमटत नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एक परिसरच आहे, वसतिगृहासह. आपल्या जुन्या घरांतले राजांगण घ्या. माथ्यावर मोकळे असल्यामुळे तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि खोल्यांतून नवी हवा आत ओढली जाते. उजेडही घराच्या पोटापर्यंत पोचतो. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या उजेड गाळून आत घेत आणि डोळ्यांना त्रास होऊ देत नसत. हे सगळे शोभेसाठी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गवंडी-सुतारांनी हवेशी बोलून ठरवलेला तो व्यवहार होता.

या व्यवहारातला खरा पेच कोणता, हेही सांगितले पाहिजे. कारण तो न समजता केवळ कौले चढवून काही साधत नाही. आमच्या किनाऱ्यावर पश्चिम ही दिशा वरदानही आहे आणि संकटही. दुपारचा समुद्रवारा तिथूनच येतो, मृगापासून झोडपणारा पाऊस तिथूनच येतो, आणि तिसऱ्या प्रहराचे भाजून काढणारे ऊनही तिथूनच येते. वारा घ्यायचा, पण पाऊस आणि ऊन नाकारायचे, हे येथील वास्तुविद्येचे मूळ कोडे. दक्षिणेकडचे ऊन अडवणे त्या मानाने सोपे. आपल्या अक्षांशावर ऐन डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो, म्हणून अडीच मीटर रुंदीची ओसरी तीन मीटर उंचीची भिंत सावलीत ठेवू शकते. पश्चिमेचा सूर्य मात्र खाली उतरून थेट खिडकीत येतो. त्याला कोणतीही पडवी पुरी पडत नाही. यास्तव इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, खिडक्या उत्तर-दक्षिणेस ठेवाव्यात, आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, कोठार, स्वच्छतागृह असे काही ठेवून त्यापलीकडे झाडे लावावीत. वारा तिरका आला तरी समोरासमोरच्या खिडक्यांतून तो खेळतो. यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही. लागते ते आराखडा काढण्यापूर्वी जागेवर चार वेळा जाऊन उभे राहणे.

जुन्याचा आंधळा जयजयकार करण्याचाही आमचा हेतू नाही. हाताहाताच्या जाड भिंती घातल्या की घर थंड राहते असे सर्रास म्हटले जाते. ते राजस्थानात किंवा दख्खनच्या पठारावर खरे आहे, जिथे रात्री हवा खरोखर थंड होते. किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात अंतर थोडे आणि हवेत दमटपणा फार. येथे माणसाला सुख होते ते अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याने. जुन्या वाड्यांतल्या आतल्या खोल्या अंधारी आणि कोंदट असत, हे त्यांत राहिलेल्यांना ठाऊक आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांचा वर्ग तशा खोलीत भरवता येणार नाही. उंच छत, समोरासमोरच्या मोठ्या खिडक्या, तावदाने मिटलेली असतानाही वरून हवा जाऊ देणारे झरोके आणि डोक्यावर संथ फिरणारा पंखा, एवढ्यावर वर्षातले बहुतेक दिवस वर्ग सुखाने चालू शकतो. संगणक, सूक्ष्म उपकरणे, औषधे यांच्या खोल्यांना थंड हवा लागते, हे मान्य. मग त्या खोल्या एकत्र आणाव्यात, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूस ठेवाव्यात आणि तेवढ्यांनाच ती द्यावी. चार यंत्रांच्या सोयीसाठी चारशे माणसांना काचेच्या पेटीत कोंडणे हे शास्त्रही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने तिरुवनंतपुरमला जाऊन विकास अध्ययन केंद्राचा परिसर पाहावा. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने १९७० साली ही संस्था निघाली. तेव्हा केरळचे मुख्यमंत्री अच्युत मेनन होते, आणि परिसर बांधण्याचे काम लॉरी बेकर या वास्तुविशारदाकडे आले. बेकर जन्माने इंग्रज. १९४५ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी ते भारतात आले आणि २००७ मध्ये वारले ते भारताचे नागरिक म्हणून. मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श घर त्याच्या भोवतीच्या पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी उराशी धरला आणि त्याचे बांधकामशास्त्र बनवले.

त्या परिसरात विटांना गिलावा नाही, कारण चांगल्या विटेला तो लागत नाही. विटा उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने विटांची सुमारे चौथाई बचत होते आणि पोकळीतली हवा उष्णताही अडवते. सिमेंटच्या सपाट छतात खालच्या बाजूचे काँक्रीट भार उचलण्यास फारसे कामी येत नाही हे ओळखून त्यांनी त्या जागी टाकाऊ मंगळुरी कौले घातली. सिमेंट वाचले आणि छत हलकेही झाले. खिडकीच्या जागी विटांची जाळी केली. ती उजेड देते, वारा देते आणि पाऊस बाहेर ठेवते. संगणक विभागाला तर त्यांनी दुहेरी भिंत दिली, बाहेर जाळीची आणि आत दुसरी, म्हणजे थंड हवेचे काम निम्मे भिंतीनेच केले. झाड आडवे आले तर भिंत वळली. उतार आला तर इमारत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरली. अर्धशतक उलटून गेले, तिथे अर्थशास्त्राचे अध्ययन चालूच आहे, आणि देशभरातून वास्तुकलेचे विद्यार्थी त्या भिंती पाहायला येतात. संस्था जे शिकवते तेच तिची इमारतही शिकवते, अशी उदाहरणे थोडी. त्यांत हे एक.

मात्र बेकर यांची नक्कल करायची म्हणून गोव्यात केरळच्या विटा आणू नयेत. त्यांचा धडा विटेचा नाही, पाच मैलांचा आहे. आमच्या पाच मैलांत चिरा आहे. जमिनीतून काढताना मऊ, कोयत्याकुऱ्हाडीला ऐकणारा आणि हवा लागली की कठीण होणारा हा दगड भाजावा लागत नाही, म्हणून त्याला इंधन लागत नाही. सिमेंटची गोष्ट निराळी. जगातल्या एकूण कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या भट्ट्यांतून निघतो. पण चिऱ्याचीही दुसरी बाजू आहे. बेकायदा चिरेखाणींनी डोंगर पोखरले, आणि उघड्या टाकलेल्या खाणींत पावसाचे पाणी साचून पोरे बुडाली, हे आम्ही याच पानांतून वारंवार छापले आहे. तेव्हा चिरा वापरताना तो कोणत्या खाणीतून आला, त्या खाणीला परवाना आहे काय आणि काम संपल्यावर ती बुजवली काय, हे विचारणेही पर्यावरणाच्याच हिशेबात येते. पाडलेल्या जुन्या घरांचे चिरे, तुळया, कौले आज मातीमोलाने विकली जातात. सरकारी बांधकामात त्यांना जागा का नसावी?

सर्वांत मोठा विनोद मात्र छपराचा. येथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा प्रदेशात आपण सपाट गच्च्या बांधतो. खाऱ्या हवेने आतले लोखंड गंजते, दहा वर्षांत गच्ची गळू लागते, आणि मग तिच्यावर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घालतो. म्हणजे शेवटी उतरत्या छपराकडेच येतो, पण एका छपराच्या जागी दोन छपरांचे पैसे मोजून! गोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांतून कोणीही एक फेरी मारावी. हा विनोद जागोजागी उभा असलेला दिसेल.

त्याच पावसाचा एक साधा हिशेब मांडू. एक हजार चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात तीस लाख लिटर पाणी पडते. त्यातले ऐंशी टक्के धरले तरी चोवीस लाख लिटर झाले. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे दिवसाच्या महाविद्यालयात माणशी ४५ लिटर पाणी लागते. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाची ही सुमारे सत्तावीस दिवसांची गरज झाली, आणि छपरे तर एका हजार मीटरांहून कितीतरी मोठी असतात. हे सगळे पाणी टाकीत साठवता येणार नाही. थोडे साठवावे, उरलेले जमिनीत मुरवावे. आवारात जागा असेल तर देवळाच्या तळीसारखी तळी खोदावी. हात धुतलेले पाणी गाळून शौचालयाला आणि झाडांना द्यावे. आणि झाडे म्हणजे विलायती हिरवळ नव्हे. मे महिन्यात ती जगवायला टँकर लागतो. आंबा, फणस, ओवळ, भिरंड लावावे. त्यांना दोन-तीन उन्हाळे पाणी दिले की पुढे ती आपली आपण जगतात आणि पोरांना सावलीही देतात.

विजेचे तर विचारूच नका. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य. आमच्या खोलीत थंड हवा येते ती परराज्यांतला कोळसा जळतो म्हणून, आणि ती वीज इथवर आणायला तारा लागतात. छत्तीसगडमधल्या तमनारहून येणाऱ्या अशाच वाहिनीसाठी मोलेच्या अभयारण्यातली झाडे तोडण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा २०२० साली त्याविरुद्ध पुढे आले ते प्रामुख्याने महाविद्यालयीन तरुण. त्या तरुणांचा आम्हांस अभिमान वाटतो. म्हणूनच त्यांच्या महाविद्यालयांच्या चालकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या जंगलासाठी तुमची मुले रस्त्यावर उतरली, त्याच जंगलातून येणाऱ्या विजेची भूक वाढवणारी इमारत तुम्ही त्यांच्यासाठी का बांधता? छपरावर सौरपट्ट्या बसवून हे पाप फिटत नाही. पट्ट्या बसवाव्यातच, पण आधी भूक कमी करावी, मग ती कशी भागवायची ते पाहावे. पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकोळलेले असते, हेही विसरू नये.

अलीकडे ‘हरित’ इमारतींना तारे आणि पदके देण्याची पद्धत आली आहे. केंद्र सरकारने २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संधारण संहिता काढली, आणि ‘गृह’ या नावाची देशी मानांकनपद्धतीही रुळली. या गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. त्यांनी निदान मोजमापाची भाषा आणली. पण पदक मिळते ते बहुधा इमारत नवी असताना, आणि ते प्रवेशद्वाराशी लागले की वीजबिलाकडे कोणी पाहत नाही. मुलीचे स्थळ पत्रिकेवरून ठरवावे, पण संसार कसा चालला आहे तेही कधी विचारावे!

आडवे येते ते ज्ञान नव्हे, व्यवस्था. बांधकामाचा सल्ला देणाऱ्याचा मेहनताना एकूण खर्चाच्या टक्क्यांवर ठरतो, तेव्हा खर्च कमी करणाऱ्याच्या पदरी तोटाच. निविदा सर्वांत कमी रकमेची स्वीकारायची, आणि ती रक्कम बांधण्यापुरती. पुढची पन्नास वर्षे वीज, पाणी, डागडुजी यांवर किती जाणार, हे कोणी विचारत नाही. चिऱ्याची घडाई आणि कौलारू छपराची सुतारी जाणणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, कारण सरकारी दरपत्रकात त्यांच्या कामाला मान नाही. आणि मुळात नवी इमारत हवीच का, हा प्रश्नही कोणी करत नाही. पणजीत मांडवीकाठची जुन्या वैद्यक विद्यालयाची वास्तू २००४ साली दुरुस्त करून चित्रपट महोत्सवासाठी वापरात आली. जुन्या वास्तूला नवे काम देता येते, हे आपण एकदा करून दाखवले आहे. जी इमारत बांधावीच लागली नाही, तिच्याइतकी पर्यावरणाला मानवणारी इमारत दुसरी नाही.

आमच्या सूचना थोडक्या आहेत. नव्या परिसराचा आराखडा काढण्यापूर्वी जागेवरची झाडे, झरी आणि उतार यांचा नकाशा संबंधित ग्रामसभेपुढे ठेवावा आणि तिचे म्हणणे ऐकल्यावाचून पुढे जाऊ नये. सरकारी अनुदान मिळणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक इमारतीला दिशा, ओसरी, उघडणाऱ्या खिडक्या, उतरते छप्पर आणि पाणी मुरवणे या किमान अटी घालाव्यात. निविदेत पन्नास वर्षांचा खर्च मोजावा. आणि इमारत उभी राहिल्यावर तिची वीज, पाणी आणि वर्गातले तापमान यांचा वार्षिक हिशेब दारावरच्या फलकावर लावावा. ही मोजणी करायला बाहेरचे सल्लागार नकोत. आल्तिनोला वास्तुकला महाविद्यालय आहे, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना ते काम द्यावे. आपण बसतो ती खोली किती वीज खाते हे स्वतः मोजलेला विद्यार्थी उद्या अभियंता होऊन काचेची पेटी बांधताना निदान एकदा तरी अडखळेल.

त्या मे महिन्यातल्या दुपारी आंब्याखाली उभे असताना आमच्या शेजारचा एक विद्यार्थी मित्राला म्हणाला, ‘परिसंवाद इथेच ठेवला असता तर काय बिघडले असते?’ त्या प्रश्नाचे उत्तर चालकांपाशी नव्हते, आणि आमच्यापाशीही नव्हते. त्या महाविद्यालयाच्या पुढच्या इमारतीच्या आराखड्यात तो आंबा तोडायचा आहे, असे आम्हांस जाताना कळले. तेवढे तरी होऊ नये. भिंतीला वळायला सांगावे. आंब्याला सांगता येत नाही.